सतरावरून पंधरावर: आईच्या पाठीसाठी बदललेली चाकं

गाडी डिझायर व्हीडीआय, २०१४ ची, १.३ लिटर डिझेल. ऑगस्टमध्ये जुनी घेतली. कंपनीचं मूळ माप १६५/८० आर१४, लोखंडी रिम. माझ्याकडे आली तेव्हा मात्र खाली १७ इंची मॅगव्हील (मिश्रधातूची रिम) आणि २०५/४५ आर१७ टायर होते. गाव आर्णी तालुक्यात, हायवेपासून आत ९ किलोमीटर.

२६ ऑक्टोबर २०२५

काल रात्रीचं आज लिहून ठेवतो आहे. आईला वर्ध्याजवळ सावंगीच्या दवाखान्यात तपासणीला नेलं होतं. जुलैत तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून महिन्यातून एक-दोन फेऱ्या होतातच. येताना वर्धा, देवळी, कळंब, यवतमाळ, आर्णी असा सगळा ३६१ नंबरचा हायवे. तिथपर्यंत काहीच त्रास नाही. फाट्यावरून आत वळलो आणि दुसऱ्या रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या सिमेंटच्या पुलावर, पुढचं डावं चाक आपटलं. पावसाळ्यात रपट्याच्या कडेची माती वाहून गेली आहे, त्यामुळे सिमेंट आणि डांबराच्या मध्ये चार बोटं उंचीची पायरी पडली आहे. वेग तीसच्या आत होता. तरी असा आवाज झाला की मला वाटलं खालचं काहीतरी तुटलं. दहा पावलांत हवा संपली.

स्टेपनी होती, जॅक होता. पान्हा नटावर बसेना. बॅटरी मारून पाहिलं तर नट गोल, बारीक, आतून दातेरी; त्यांना वेगळी चावी लागते. गाडी विकणाऱ्यानं ती चावी दिली नव्हती आणि मीही विचारली नव्हती. आई मागच्या सीटवर उशीला टेकून होती. म्हणाली, "बाबू, मले काई नाई झालं, तू गाडी पाह्य." पण तिचा आवाज दाबून येत होता, ते मला कळत होतं. ओलित करून येणारे शेजारचे काका ट्रॅक्टर घेऊन भेटले. आईला ट्रॅक्टरवर कसं बसवणार? ते गावात गेले, दुसऱ्याची बोलेरो पाठवली. तासभर आम्ही रपट्यावर होतो.

रात्री झोप आली नाही. ही चाकं काढायची, हे तिथेच ठरलं.

२७ ऑक्टोबर

आर्णीहून पंक्चरवाल्या भाऊला घरी आणलं. त्यानं एक जुना सॉकेट नटावर ठोकून बसवला आणि चारही नट काढले. टायर उतरवल्यावर दोन कट दिसले, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या, बरोबर समोरासमोर. रपट्याची कड आणि रिमची कड यांच्यात रबर चिमटलं गेलं. रिमलाही एका जागी पोच आला आहे.

"भाऊ, साइडचा कट मी जोडत नाई. कोणी जोडून देतो म्हटलं तरी घेऊ नका," असं तो म्हणाला. मला त्याचं बोलणं पटलं. जमिनीला लागणाऱ्या भागात खिळा घुसला तर मशरूम पॅच, म्हणजे आतून लावायचं देठाचं ठिगळ, चालतो. बाजूच्या भिंतीत मात्र टायरचे दोरेच तुटलेले असतात, आणि ती भिंत प्रत्येक फेऱ्यात वाकते.

टायर हातात होतं म्हणून सगळं नीट वाचून काढलं. दोन गोष्टी सापडल्या, दोन्ही वाईट.

पहिली, तारीख. चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. यावर १११८ आहे, म्हणजे २०१८ चा अकरावा आठवडा. सात वर्षांहून जुनं रबर. नक्षी भरपूर शिल्लक आहे म्हणून मी टायर चांगले समजत होतो. नक्षीच्या तळाशी नख दाबून पाहिलं तर बारीक भेगा.

दुसरी, भार. मापाच्या पुढे ८४ व्ही लिहिलं आहे. ८४ हा भाराचा निर्देशांक, त्याचा अर्थ एका टायरला जास्तीत जास्त ५०० किलो. डिकीतली स्टेपनी कंपनीची आहे, तिच्यावर ८५, म्हणजे ५१५ किलो. फरक पंधराच किलोचा, पण हे टायर गाडीच्या कंपनीनं दिलेल्यापेक्षा कमी ताकदीचं होतं. याच मापात जाड बांधणीचं ८८ चंही मिळतं, त्यावर एक्सएल लिहिलेलं असतं. आधीच्या मालकानं ते घेतलं नाही. दिसायला दोन्ही सारखेच.

२८ ऑक्टोबर

आज वहीत मापं मांडली. आमच्याकडे पुष्कळ लोक "आर१४" मधला आर म्हणजे रेडियस समजतात. तसं नाही. आर म्हणजे रेडियल, टायरच्या आतले दोरे ज्या पद्धतीनं घातलेले असतात त्याचं नाव. १४ हा रिमचा पूर्ण व्यास, इंचात. पहिला आकडा रुंदी, मिलीमीटरमध्ये. मधला आकडा टक्का: भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के. एवढं कळलं की पुढचं सगळं पाचवीचं गणित आहे.

१६५/८० आर१४ ची भिंत १३२ मिलीमीटर. रिम १४ इंच म्हणजे ३५५.६. वर एक भिंत, खाली एक भिंत, पूर्ण चाक ६१९.६.

२०५/४५ आर१७ ची भिंत फक्त ९२. पूर्ण चाक ६१६.३.

दोन्ही चाकांच्या उंचीत अर्ध्या टक्क्याचा फरक. स्पीडोमीटर बरोबर, गिअर बरोबर, गाडीची उंची तीच. आधीच्या मालकानं किंवा त्याच्या दुकानदारानं हे गणित नीट केलं होतं. शहरात, सपाट रस्त्यावर, कुणाला काही जाणवलंही नसेल. पण बाहेरचा घेर तोच ठेवून लोखंड वाढवलं की रबर कमी होणारच. आधी रस्ता आणि रिम यांच्यात १३२ मिलीमीटर होतं, आता ९२. गेले ते चार सेंटिमीटर म्हणजे चार बोटांची ती पायरी झेलणारी जागा होती. आईची पाठही तिथेच झेलली जात होती, असं मला आता वाटतं. ऑगस्टपासून ती म्हणत होती, "या गाडीत लय हादरते रे." मी शॉकअप बघत बसलो होतो.

२ नोव्हेंबर

कापूस वेचणी सुरू आहे, त्यामुळे घरात काटा लावलेलाच आहे. मजूर बायांचा कापूस मोजून झाल्यावर चाकं टांगली. १७ चं चाक टायरसकट १९.१ किलो. स्टेपनी १३.२ किलो. मिस्त्री उभाच होता. तो म्हणाला, माणूस गाडीत बसला की त्याचं वजन स्प्रिंगवर येतं, चाकाचं वजन मात्र स्प्रिंगच्या खाली असतं. खड्ड्यात गेल्यावर चाकाला लगेच खाली जाऊन लगेच वर यायचं असतं. ते जड असलं की शॉकअपला आवरत नाही, आणि उरलेला धक्का बॉडीत येतो. चार चाकं मिळून जवळपास २४ किलो जास्तीचं वजन असं खाली लटकत होतं.

मग रिम किती बाहेर येते ते पाहिलं. रिमच्या मागे ७ जे आणि ईटी ३८ असं कोरलेलं आहे. ७ जे ही रुंदी, सात इंच. ईटी म्हणजे रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणारी पाटी किती बाहेर आहे त्याचं माप. हा आकडा जितका लहान, तितकं चाक गाडीच्या बाहेर. स्टेपनी ५ जे आहे. दोन्ही रिम पालथ्या घातल्या, वर सरळ पट्टी ठेवली आणि टेपनं मोजलं. १७ ची रिम स्टेपनीपेक्षा बाहेर अडीच सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि आतही जवळपास तितकीच. बाहेर गेलेलं चाक बेअरिंगवर लांबून जोर टाकतं. खड्ड्यात स्टिअरिंग हातातून ओढलं जायचं त्याचं एक कारण हेच असावं. दारांच्या खालच्या पत्र्यावर खड्यांचे टवके का उडाले, तेही कळलं.

आणखी एक. हबच्या मधोमध जो उंचवटा असतो तो या गाडीत ५४.१ मिलीमीटरचा. त्यावर रिमचं मधलं भोक घट्ट बसलं पाहिजे. बाजारातली मॅगव्हील सगळ्या गाड्यांना चालावी म्हणून मोठ्या भोकाची करतात, ही ७३.१ ची आहे. मध्ये एक कडी घालायची असते, प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची. इथे कडीच नाही. सगळीकडून साडेनऊ मिलीमीटरची पोकळी, आणि चाक फक्त चार नटांच्या आधारानं मध्यावर. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं, त्यासाठी मी दोनदा बॅलन्सिंग करून आणलं होतं.

३ नोव्हेंबर

आई ओसरीवर बसून हे सगळं बघत होती. गोठ्याच्या भिंतीला आजोबांच्या बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, एक चाक अजून टेकवलेलं आहे. तिकडे बोट दाखवून म्हणाली, "तुह्या आजोबाच्या बंडीले एवढं मोठं चाक कायले होतं, माहीत हाय का?" मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, लहान चाक काळ्या मातीत खड्ड्यात उतरतं आणि बैलाला ते उचलून काढावं लागतं. मोठं चाक खड्ड्यावरून जातं. मी मोजलं, चार फूट दहा इंच.

मग ती धाव बसवण्याबद्दल बोलली. लोखंडी पट्टीची गोल धाव लाकडी पुठ्ठ्यांच्या घेरापेक्षा थोडी लहानच करायची. भोवती गोवऱ्या रचून तापवायची. "तापली का फुगे, मंग चिमट्यानं चढवत, अन् वरून पाणी टाकत. आवळून घे, तं आरे कटकट वाजत." तिच्या माहेरी घाटंजीकडे लोहाराच्या दारात हे बघायला पोरं जमत. धाव जास्त लहान झाली तर आरे वाकतात, मोठी राहिली तर उन्हाळ्यात लाकूड आटल्यावर गळून पडते. हे सांगताना ती जवळपास अर्धा तास ताठ बसली होती, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

पुढे डनलपच्या बंड्या आल्या, तेव्हा चाक निम्म्यानं लहान झालं तरी बैलांना हलकं गेलं. तिला विचारलं, का? "हवा होती ना त्याच्यात."

५ नोव्हेंबर

पर्याय तीन.

एक, मूळ १४ इंची लोखंडी रिम आणि १६५/८० वर परत जायचं. भिंत सगळ्यात उंच, वजन सगळ्यात कमी, टायर स्वस्त. लोखंडी रिमला पोच आला तर ठोकून सरळ होते, मॅगव्हील तडकतं. आमच्या रस्त्यांसाठी हे काही कमी प्रतीचं नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण दुकानात गेलं की १४ इंच ऐकून लोक तोंड फिरवतात.

दोन, १८५/६५ आर१५. याच गाडीच्या वरच्या मॉडेलला, झेडडीआयला, कंपनीच हे माप देत होती. भिंत १२०, पूर्ण चाक ६२१.५. मूळ मापापेक्षा फक्त १.९ मिलीमीटरनं जास्त. भार ८८, म्हणजे ५६० किलो.

तीन, १९५/६५ आर१५. भिंत १२७ च्या जवळ, पूर्ण चाक ६३४.५, भार ९१ म्हणजे ६१५ किलो. गाडी साडेसात मिलीमीटरनं उचलली जाते. कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स १७० आहे, तो १७७ च्या वर जाईल. रुंदी, उंची, ताकद, सगळंच जास्त. दारव्ह्याच्या आतेभावाच्या स्विफ्टला हेच आहे आणि तो फार खूश आहे. मीही मनातून इकडेच झुकलो आहे.

९ नोव्हेंबर

आतेभाऊ सकाळीच आला. दोन्ही गाड्या वाड्यात उभ्या करून त्याची चारही चाकं माझ्या गाडीला लावली. रिम कंपनीच्याच, ५.५ जे, भोक ५४.१, चार नट १०० मिलीमीटरच्या वर्तुळावर, तेही सारखंच. चार नट असले की हे मोजणं सोपं: समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप लावायचा. पाच नटांच्या गाडीत समोर भोक येत नाही, तिथे हिशेब करावा लागतो.

नट मी नवे आणले होते, १२ मिलीमीटरचे, सव्वा पिचचे, म्हणजे दोन आट्यांमध्ये सव्वा मिलीमीटर अंतर. इथे सावध राहावं लागतं. १२ मिलीमीटरचेच दीड पिचचेही येतात, होंडा-टोयोटाला लागतात. ते सुरुवातीचे दोन आटे हातानं चढतात, मग अडकतात, आणि पान्ह्यानं ओढलं तर बोल्टचे आटे जातात. म्हणून नट आधी हातानं शेवटपर्यंत फिरवून पाहिले.

रिकाम्या गाडीला काहीच घासलं नाही. पांदणीतून नेली, तुरीच्या कडेचे उंचवटे, पऱ्हाटीचे धसकट, बैलगाडीच्या चाकोऱ्या, सगळं पार केलं. फार सुरेख चालली. मग मी मागे तीन माणसं बसवली, पुढे एक, आणि डिकीत सोयाबीनचे दोन कट्टे. पुढच्या मडफ्लॅपला आतून चुन्याचा हात मारला. वाड्यातून रिव्हर्स घेताना स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. उतरून पाहिलं तर उजव्या टायरच्या खांद्यावर पांढरी रेघ.

आतेभाऊ म्हणाला, "एवढं तं माह्याही गाडीले घासते दादा, मी फ्लॅप थोडा कापून टाकला." खरं आहे, तेवढ्यानं भागतं. पण रिकाम्या गाडीत न घासणारं भरल्या गाडीत घासतं, आणि माझी गाडी आठवड्यातून दोनदा भरलेली असते. गावात रात्री-बेरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर सहा-सहा माणसं बसतात. ते योग्य नाही, पण बसतात. त्या वेळी खड्ड्यात चाक वर येऊन काय करेल ते मी चुन्यानं तपासू शकत नाही.

स्पीडोमीटरचंही आहे. चाक २.४ टक्के मोठं, म्हणजे काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी मूळ मापाच्या मानानं शंभराला अडीच जास्त पळत असेल. बहुतेक गाड्यांचा काटा मुळातच थोडा पुढे असतो, त्यामुळे हे चालून जातं. गावच्या रस्त्यावर प्रश्न नाही. धामणगावहून समृद्धीवर चढलं की मात्र १२० ची मर्यादा, आणि तिथे एवढाही फरक मोजला जातो.

चाकं परत बदलली. त्याच्या गाडीत त्याचीच.

१० नोव्हेंबर

ठरलं: १८५/६५ आर१५.

आतेभावाला फोन केला तेव्हा तो थोडा नाराज झाला. त्याचं म्हणणं असं की आमच्यासारख्या रस्त्यांना जितकं मोठं तितकं चांगलं. बंडीच्या बाबतीत ते खरं आहे, कारण बंडीला मडगार्ड नसतं. गाडीत चाकाला फिरायला, वळायला आणि वर-खाली व्हायला जागा कंपनीनं ठरवून दिली आहे. त्या जागेच्या आत भिंत जितकी उंच ठेवता येईल तितकी ठेवायची, एवढंच मला हवं होतं. १२० आणि १२७ मधला फरक सात मिलीमीटर. ९२ आणि १२० मधला अठ्ठावीस.

कागदाचाही विचार केला. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ रचनेवर बोट ठेवलं आहे. झेडडीआयचं माप कंपनीच्या पुस्तिकेतच आहे, त्यामुळे उद्या अपघात झाला तर विम्याचा माणूस टायरकडे बोट दाखवणार नाही. विमा कंपनीला बदल कळवूनही ठेवला.

१६ नोव्हेंबर

नागपूरला जाऊन कंपनीच्या १५ इंची मॅगव्हीलचा वापरलेला सेट आणला, १४,००० रुपयांत. शहरात लोक नव्या गाडीची चाकं काढून मोठी घालतात, त्यांचीच ही उतरवलेली. पैसे देण्याआधी चारही रिम बॅलन्सिंगच्या यंत्रावर टायरशिवाय फिरवून पाहायच्या, ही अट मी आधीच घातली होती. तिसरी डगमगली. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. आतली कड एका जागी दाबलेली आणि वरून रंग मारलेला. दुकानदारानं कुरकुर न करता दुसरी दिली.

१७ नोव्हेंबर

टायर यवतमाळला घेतले. चारचे २०,८००. २२ सप्टेंबरपासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे थोडे वाचले. प्रत्येक टायरवर तारीख पाहूनच घेतले: चारही २८२५, म्हणजे याच वर्षीचा अठ्ठाविसावा आठवडा. आधी दिलेल्यांपैकी एकावर २०२३ चा आकडा होता, तो परत केला. ८८ हा आकडा आणि आयएसआयची खूण पाहिली. व्हॉल्व्ह नवे घातले. जुने ठेवून शंभर-दीडशे रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

बसवायच्या आधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं काढला. रिम ठेवली आणि हात सोडला, तरी पडली नाही, ५४.१ वर ५४.१ बसलं. नट फुलीच्या क्रमानं, आधी हातानं, मग पान्ह्यानं, शेवटी टॉर्क पान्ह्यानं (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पान्हा) पुस्तिकेतल्या आकड्यावर. दुकानातला पोरगा हवेची गन लावायला निघाला होता, त्याला थांबवलं. त्या गननं किती आवळलं गेलं ते कुणालाच कळत नाही, आणि पुढच्या वेळी बाई-माणसाला रस्त्यावर नट सुटत नाही.

अलाइनमेंटला पुढच्या चाकांचा टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते माप, बिघडलेला निघाला. या गाडीत पुढे टोच तेवढा जुळवता येतो, मागचा एक्सल एकसंध आहे.

एक चाक दुकानातल्याच काट्यावर ठेवून पाहिलं: १४.६ किलो. १७ च्या चाकापेक्षा साडेचार किलो हलकं.

१८ नोव्हेंबर

५० किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा तपासले. एकही हलला नाही.

२२ नोव्हेंबर

सावंगीची फेरी. हायवेवर थरथर पूर्ण गेली, ऐंशीलाही आणि शंभरालाही. येताना रपट्यावर उतरून आधी पायरी पाहिली. कुणीतरी मुरूम टाकला आहे, दोन बोटं भरली आहे. हळू चालवत नेली. धक्का बसला, पण तो मऊ बसला, आवाज आला नाही. आरशात आईकडे पाहिलं. ती खिडकीतून वेचणी चाललेलं वावर बघत होती. तिनं काही म्हटलं नाही, मीही विचारलं नाही.

३० नोव्हेंबर

हवेबद्दल. सकाळी थंडी चांगली पडते आहे आणि दुपारी ऊन लागतं. दर १० अंशांच्या फरकाला टायरमध्ये साधारण दीड-पावणेदोन पीएसआय हवा वर-खाली होते. म्हणजे दुपारी तापलेल्या टायरमध्ये बरोबर भरलेली हवा पहाटे कमी भरते. आता सकाळी गाडी हलवण्याआधी घरच्या गेजनं पाहतो आणि सायकलच्या नव्हे, पायाच्या मोठ्या पंपानं भरतो. आकडा दाराच्या खांबावरच्या स्टिकरचा. खड्ड्यांसाठी हवा कमी ठेवा, गाडी मऊ चालते, असा सल्ला मला तिघांनी दिला. मी तो मानणार नाही. कमी हवेत भिंत जास्त वाकते, तापते, आणि रपट्यावर पुन्हा तोच चिमटा बसतो. मऊपणा भिंतीच्या उंचीतून मिळवायचा होता, तो मिळाला. आमच्या एप्रिल-मेच्या ४५ अंशांत कमी हवेचं टायर सिमेंटच्या हायवेवर किती वेळ टिकेल, याचा विचारही करवत नाही.

७ डिसेंबर

१७ च्या रिम विकल्या. घेणारा नागपूरचाच. पोच आलेली रिम त्याला दाखवली, कडी लागते हे सांगितलं, ७३.१ आणि ५४.१ कागदावर लिहून दिलं. टायर मागत होता, दिले नाहीत. २०१८ चे, भेगाळलेले, भार कमी, ते दुसऱ्याच्या गाडीखाली जाऊ नयेत म्हणून चारही टायरच्या भिंती करवतीनं कापल्या. दोन गोठ्यात वासरांच्या पाण्याच्या टाक्याभोवती ठेवले आहेत.

दातेरी नटांची चावीही सापडली. मागच्या सीटच्या खाली, गालिच्याच्या आत, कागदात गुंडाळलेली. रिमबरोबर देऊन टाकली.

४ जानेवारी २०२६

२,३४० किलोमीटर झाले. नक्षी चारही चाकांवर सारखी झिजते आहे, कडेला आणि मधे सारखीच, म्हणजे हवा आणि अलाइनमेंट दोन्ही ठीक. बाभळीचा काटा एकदा लागला, उजव्या मागच्या टायरला, नक्षीच्या मधोमध. मशरूम पॅच लावून घेतला. बाहेरून डोरी घालून तात्पुरतं भागतं, पण मी टायर उतरवूनच करून घेतलं, कारण आतून पाहिल्याशिवाय काटा किती आत गेला ते कळत नाही.

स्टेपनी अजून जुनीच आहे, १६५/८० आर१४. उंचीत दोन मिलीमीटरचाही फरक नाही, त्यामुळे वेळ पडली तर घरापर्यंत येता येईल; नवे नट दोन्ही रिमवर पूर्ण बसतात, ते हातानं लावून पाहिलं आहे. पण तिच्यावरची तारीख १४१४ आहे. टायर कधी रस्त्यावर आलंच नाही तरी रबर बारा वर्षांचं होत आलं. तुरीचे पैसे आले की ती बदलायची.

सहाच दिवसांत सावंगीची शेवटची तपासणी. त्यानंतर आईला घाटंजीला मामाकडे जायचं आहे, तिनंच काल सांगितलं. तो रस्ता दोन वर्षांत मी पाहिलेला नाही. आधी एकटा जाऊन बघून येईन.